भरल्या रांजणाशेजारी

माझी शकूआत्या आमच्याच पाणपोईसमोर पाण्यावाचून कोसळली. मुलं झाली, नातवंडं झाली, तरी हे वाक्य मी अजून कुणापुढे धड पुरं करू शकलेले नाही. सांगायला लागले की ऐकणारा म्हणतो, ऊन लागलं असेल हो. ऊन तर लागलंच होतं. पण हाताच्या अंतरावर रांजण काठोकाठ भरलेला, त्याच्यावर ओलं फडकं, शेजारी ओगराळं घेऊन माझे वडील बसलेले, आणि ती त्यांच्या डोळ्यांदेखत आडवी झाली. त्यानंतर घरातून जे एकेक बाहेर आलं त्याने मी अशी काही हबकले की पुढे कितीतरी दिवस तांब्या तोंडाला लावताना मी आधी दाराकडे बघत असे.

आमचं घर औरंगाबादेत, जुन्या वस्तीत. आता शहराचं नाव बदललं आहे, पण मी वाढले ते औरंगाबादेतच, तेव्हा इथे तेच लिहिते. गल्लीच्या कोपऱ्यावर जमिनीखालच्या जुन्या नहरीतून येणाऱ्या पाण्याचा हौद होता आणि त्यात पडणारी धार आम्हाला अंथरुणातही ऐकू यायची. पाहुणे म्हणत, तुमच्याकडे पावसाळा संपतच नाही वाटतं. वडिलांचं मोंढ्यात आडतीचं दुकान होतं. आत्या त्यांना दादा म्हणे, म्हणून आम्ही मुलंही दादाच म्हणायचो. या दादांना पाण्याचं वेड होतं. इतरांना तपकिरीचं असतं, पत्त्यांचं असतं, त्यांना पाण्याचं. उन्हाळा लागतोय न लागतोय तोच जुने माठ बाजूला पडायचे, नवे यायचे, त्यांत वाळ्याच्या जुड्या सुटायच्या. सकाळी ज्वारीची आंबील, दुपारी ताक-कण्या, चार वाजता कैरीचं पन्हं. उन्हातून आलेल्याच्या हातावर आधी गुळाचा खडा ठेवायचा, त्याला दम खाऊ द्यायचा आणि मग पाणी द्यायचं. माझे दोघे भाऊ बाहेर निघाले की दादा त्यांच्या खिशात कांदा कोंबत आणि विचारत, "पाणी पिलास का रे? खरं सांग." भाऊ वैतागायचे. आई आम्हा सगळ्यांच्या ताटात ताक ओतायची आणि स्वतः कोरडी भाकरी चटणीला लावून खायची. आईला ताक आवडत नाही, हे आमच्या घरात सूर्य उगवतो तितकं पक्कं होतं. तिला कुणी विचारलं होतं की नाही कोण जाणे.

पाणपोई दादांनी काढली ती निजामाचं राज्य गेलं त्या पोलीस ॲक्शननंतर. त्या दिवसांत आमची गल्ली मुकी झाली होती. पिढ्यान् पिढ्या भिंतीला भिंत लावून राहिलेली माणसं एकमेकांना बघून दार लोटून घेत. पुढचा उन्हाळा आला. एक परगावचा गाडीवान भर दुपारी दारोदार पाणी मागत फिरला आणि एकही दार उघडलं नाही. आमचंही नाही. तो कोण, कुठला, हे भीतीपोटी कुणी विचारलंच नाही. दादा ते आतून ऐकत होते. त्यांना ते सहन झालं नाही. दुसऱ्या दिवशी ते कादरचाचांकडे गेले. चाचा हिमरूच्या शाली विणायचे, आमच्या समोरच राहायचे, आणि कित्येक महिने दोघे बोलले नव्हते. दोघांनी मिळून एक मोठा रांजण आणला, वाळूत अर्धा पुरला, वर तांबडं फडकं ओलं करून टाकलं. ठरलं असं की रांजण एकच, ओगराळं एकच, येईल त्याने प्यावं. लोकांनी नाकं मुरडली, मग तहान लागली तेव्हा प्यायले. हळूहळू कडुलिंबाखाली दोन बाजा आल्या, बुद्धिबळाचा पट आला, गल्लीतले पुरुष दुपारी तिथे बसू लागले आणि पुन्हा एकमेकांच्या मुलाबाळांची चौकशी करू लागले. ही गल्ली त्या रांजणाने शिवली, असं चाचा म्हणत, आणि ते खोटं नव्हतं. मला आजही त्या पाणपोईचा अभिमान आहे. म्हणूनच पुढचं लिहिताना हात अडखळतो.

आता जागेचं सांगते. सावली असलेली एकच जागा होती, घराला लागून असलेल्या बोळाच्या तोंडाशी. आणि त्या बोळाच्या टोकाला चार घरांत मिळून दोन टोपलीचे संडास होते. घरात न्हाणी होती, पण तिची नाली उघडी, ती बाहेर पडून रांजणाच्या शेजारून वाहायची. पिण्याच्या पाण्याजवळून घाण वाहता कामा नये, न्हाणी फक्त अंघोळीला, असा दादांचा सक्त हुकूम होता. त्यातही त्यांचा हेतू चांगलाच होता. आमच्या घरात सगळ्यांचे हेतू चांगले होते.

शकूआत्या दादांची धाकटी बहीण, त्यांच्याहून पुष्कळ लहान. निजामाच्या अमदानीत ती घरीच चोरून मारून मराठी शिकली. नंतर मराठी शाळा भराभर निघाल्या आणि शिकलेल्या बायका हव्या झाल्या, तेव्हा खुलताबादच्या वाटेवरच्या एका खेड्यात तिला मास्तरणीची नोकरी मिळाली. गल्लीतून कामाला जाणारी ती पहिली बाई. दादांनी परवानगी दिली खरी, पण अटी घालून. डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, शेवटची बस पकडायची नाही, आणि जरा जरी दुखलं-खुपलं तर नोकरी बंद. "तुझ्या अंगाला सोसलं तर जा," ते म्हणाले होते. आत्याने ते बरोबर ध्यानात ठेवलं. ती कधी आजारी पडली नाही. डोकं दुखलं तर हसायची, ताप आला तर पावडर लावून बसला जायची. बायकांना उन्हाळ्यात उन्हाळी लागते, लघवीला जळजळ होते, ते सगळ्यांनाच होतं असं आई आणि ती आपसांत हळू आवाजात बोलायच्या, थोडा सब्जा भिजवून खायच्या आणि गप्प बसायच्या.

त्या वर्षी माझी परीक्षा लवकर आटपली आणि आत्याला सोबत म्हणून मला तिच्याबरोबर धाडायचं ठरलं. मी हरखले होते. निघायच्या आदल्या संध्याकाळी तिने मला स्वयंपाकघरात बोलावलं आणि शाळेतलं काही सांगावं तशा सुरात म्हणाली, "मंदे, आता तू मोठी झालीस. बाहेर पडायचं तर तहान सांभाळायला शिकलं पाहिजे."

"म्हंजे काय करायचं?"

"पाटं अंधारात उठायचं, तांब्याभर पाणी प्यायचं, बोळात जाऊन यायचं. मग दिवस मावळंपर्यंत पाण्याला शिवायचं नाय. लईच घसा सुकला तर हे." तिने पदराच्या गाठीतून आवळकाठीचा तुकडा काढून माझ्या हातावर ठेवला.

"आन लागलीच तहान तर?"

"दोन-चार दिस लागती. मग अंगाला सवय व्हती."

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. मोठेपणी बायकांना असे बरेच नियम लागतात, चार दिवस बाजूला बसायचं, मोठ्याने हसायचं नाही, त्यातलाच हा एक, असं मी धरून चालले. शाळा म्हणजे चावडीला लागून दोन खोल्या. मास्तर तीन आणि बाई एक. मास्तर लोक मधल्या सुट्टीत शेताकडे जाऊन येत. आत्या खुर्चीतून उठतसुद्धा नसे. गावची माणसं मायाळू होती. कुणाची तरी आई पितळी गडव्यात ताक घेऊन यायची, "बाई, उन्हाचं एवढं घ्या की." आत्या गडवा दोन्ही हातांनी घेई, ओठांना लावी, घसा हलवी आणि म्हणे, "वा, गोड हाय." बाई वळली की ताक तसंच्या तसं वर्गातल्या एखाद्या पोराच्या पोटात जाई. हे मी पहिल्या दिवशी पाहिलं तेव्हा मला हसू आलं. दुसऱ्या दिवशी माझी जीभ टाळूला चिकटली आणि हसू आलं नाही.

तिसऱ्या का चौथ्या दिवशी परतताना बस दौलताबादच्या अलीकडे बंद पडली. सकाळची शाळा, त्यामुळे आम्ही दुपारी घरी पोचायचो. चढावर एकही झाड नव्हतं. बसचा पत्रा हात लावू देत नव्हता. ड्रायव्हर इंजिनात पाणी ओतत होता आणि ते भस्सकन उसळून बाहेर येत होतं. लोक खाली उतरले, एका शेतकऱ्याने घागर आणली, सगळे प्यायले. मी आत्याकडे पाहिलं. ती म्हणाली, "तू पी. आता घरीच जायचंय." मी ओंजळीने प्यायले. ती नाही प्यायली. बस सुरू झाली तेव्हा तिचा चेहरा लालबुंद होता आणि त्यावर घामाचा थेंब नव्हता. बसमध्ये ती पाढे म्हणायला लागली. मला वाटलं उद्याची तयारी चालली आहे. मग ती एकोणतिसाच्या पाढ्यात अडकली, तीच ओळ पुन्हा पुन्हा म्हणू लागली, आणि मी घाबरून तिचा हात धरला तर तो तव्यासारखा तापलेला.

टांगा करून आम्ही गल्लीत आलो. कडुलिंबाखाली नेहमीसारखी बैठक होती. कादरचाचांनी पटावरून मान वर केली आणि म्हणाले, "शकूबी, धूप भौत हे बेटा, पानी पीके जाव." दादांनी ओगराळं रांजणात बुडवून वर काढलं. त्यातून पाणी गळत होतं. आत्याने त्या पाण्याकडे पाहिलं. तसं बघणारं माणूस मी पुन्हा पाहिलं नाही. मग बसलेल्या पुरुषांकडे पाहिलं, बोळाकडे पाहिलं, आणि म्हणाली, "नको. आत जाऊन पिते." दोन पावलं टाकली आणि पडली. डोकं रांजणाच्या कडेला लागलं. दादांच्या हातातलं ओगराळं तिथेच तिच्या अंगावर सांडलं.

तिला उचलून आत नेलं. आईने दार लावून तिच्या अंगावर माठच्या माठ रिते केले, तळपायांना कांद्याचा रस चोळला. चाचा टांग्यातून सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंना घेऊन आले. त्या हैदराबादच्या, मराठी चांगलं बोलायच्या, पण रागावल्या की हैदराबादीवर जायच्या. त्यांनी पुरुषांना ओसरीवर काढलं. मी वारा घालत होते म्हणून राहिले. त्यांनी मीठ-साखरेचं पाणी चमच्याचमच्याने पाजायला लावलं. बराच वेळ आत्याचं पाढ्यांचं चालूच होतं. दम लागलेल्या आईने विचारलं, "वाचंल ना?" बाई म्हणाल्या, "आता काही सांगत नाही." ते ऐकून माझ्या हातातला पंखा थांबला. मग कधीतरी आत्याने डोळे उघडले आणि आईला ओळखलं.

"शेवटची लघवी कधी झाली?" बाईंनी विचारलं.

आत्याने डोळे मिटून घेतले. उत्तर आईने दिलं, "पाटं, अंधारात गेल्ती."

"आणि रोज?"

"रोज तसंच. पाटं एकदा, आन मग दिवस मावळल्यावर."

"जळजळ? लाल होते?"

"उन्हाळ्यात व्हतीच की सगळ्या बायांना," आई म्हणाली, अगदी सहज.

बाईंनी आत्याच्या हाताच्या पाठीवरची कातडी चिमटीत धरून सोडली. कातडी तशीच उभी राहिली, भिजवलेल्या कणकेसारखी. मग एकाएकी त्यांनी वळून माझ्या आईचा हात धरला आणि तिचीही कातडी चिमटीत धरून सोडली. तीही तशीच उभी राहिली. मी ते पाहिलं. माझी आई, जी दिवसभर आम्हाला आंबील, ताक, पन्हं ओतून ओतून देत असे, जिच्या हाताला कायम माठाचा ओला वास असे, तिचा हात आजारी आत्याच्या हातासारखाच होता. बाईंनी माझ्याकडे नजर वळवली तेव्हा मी दोन्ही हात पाठीमागे नेले.

त्या ओसरीवर गेल्या. आतून त्यांचा आवाज ऐकू येत होता. "इत्ता पानी हे घर में, आन औरतां सूखके लकडी हो गए. कैसे लोगां हैं जी तुम." मग त्यांनी दादांना मराठीत, बाहेर बाजांवरच्यांनाही ऐकू जाईल अशा आवाजात, शब्द न चोरता सांगितलं: हे एका दिवसाच्या उन्हाचं दुखणं नव्हे, वर्षानुवर्षं पाणी तोडल्याचं आहे, लघवीची जागाच नसेल तर बाई पाणी कशी पिणार, मूत्रपिंडं खराब झाली तर ही हातची जाईल. लघवी हा शब्द आमच्या ओसरीवर तोपर्यंत कुणी उच्चारला नव्हता. चाचा उठून पायऱ्या उतरून गेले.

दादा आत आले ते पांढरेफटक. त्यांना काय करावं सुचत नव्हतं, आणि अशा वेळी पुरुष जे करतात ते त्यांनी केलं. हुकूम सोडला. "उद्यापासून शाळा बंद. राजीनामा लिव्हून टाक. असली कसली शाळा, जिथं बाईमाणसाला जागा नाय."

आत्या पडल्या पडल्या म्हणाली, "दादा, शाळा सोडनार नाय मी." आवाज नव्हताच तिला, नुसते ओठ हलले. तिच्या डोळ्यांतून पाणी यायला हवं होतं, तेही आलं नाही.

"मरायचंय का तुला?"

तेव्हा आई बोलली. दादांसमोर ती बसून बोलत नसे, त्या दिवशी बसूनच होती. "शाळंचं काय घेऊन बसलात? मी कुठं शाळंत जाते?"

दादांना कळेना. "म्हंजे?"

"डॉक्टरीणबाईंनी माझाबी हात बघितला. मी तर घरातच असते. मलाबी दिवस मावळंपर्यंत पाणी पेता येत नाय."

"घरात पाण्याला कोण नाय म्हणतं तुला?"

"पेल्यावर जाऊ कुठं? न्हाणीला तुम्ही बंदी घातली. बोळात जायचं तर तुमच्या बाजांवरून, सगळ्यांच्या नजरंखालून, हातात डबडं घेऊन जाऊ? रांजण नव्हता तव्हा दुपारचं गल्लीत कुत्रं नसायचं, जाऊन येता यायचं. तुम्ही पाणपोई मांडली आन आमचं पाणी तुटलं."

हे तिने न रागावता सांगितलं. मीठ कुठे ठेवलंय ते सांगावं तसं. दादा तिच्याकडे बघत राहिले. "इतकी वर्षं?" ते म्हणाले. त्यांच्या डोळ्यांसमोर काय काय आलं असेल मला माहीत नाही. माझ्यासमोर आईची कोरडी भाकरी आली. तिला ताक आवडत होतं. आजोळी तिला ताक पिताना मी पाहिलं होतं, तिकडे परसात झाडी होती.

पुढे काय झालं ते इथेच सांगून टाकते. आत्या वाचली. शाळा तिने सोडली नाही, शाळेच्या मागे कुडाचा आडोसा उभा राहीपर्यंत ती मुख्याध्यापकांच्या डोक्यावर बसली, आणि तो झाल्यावर पहिली गेली ती वर्गातल्या मुलींची रांग घेऊन. मूत्रपिंडाचं दुखणं मात्र तिला कायमचं चिकटलं आणि त्यानेच ती अकाली गेली. दादांनी त्याच उन्हाळ्यात न्हाणीची नाली बुजवून मागच्या अंगाला वळवली आणि न्हाणीशेजारीच संडास बांधला. हल्ली माझी नात बाटली गळ्यात अडकवून फिरते आणि मोबाईल तिला दर तासाला पाणी पी म्हणून सांगतो. मला ते फार आवडतं. मी स्वतः मात्र आजही एस.टी.त बसायचं असलं की आदल्या रात्रीपासून घोट मोजते. कितीही समजावलं तरी शरीर ऐकत नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या दिवशी ऊन अजून उतरलं नव्हतं. दादा उठून बाहेर गेले आणि आम्ही खिडकीतून त्यांचा आवाज ऐकला. आजवर ज्या बैठकीत त्यांनी कुणाला "ऊठ" म्हटलं नव्हतं, तिथे ते म्हणत होते, "उठा. बाजा उचला. बोळाच्या तोंडाशी कुणी बसायचं नाय." कुणीतरी विचारलं, का हो दादासाब, काय झालं. बाजा ओढल्याचा आवाज आला. मग ते आत आले, माठातून तांब्या भरला, पेला घेतला, आणि आयुष्यात पहिल्यांदा स्वतःच्या हाताने ओतून आईपुढे धरला.

"बोळ रिकामा हाय. कुणी नाय तिथं. पी."

आईने पेला घेतला. तिला तहान होती, तिचा घसा हलताना मी पाहिला. तिने पेला ओठांपर्यंत नेला आणि खिडकीतून बाहेर पाहिलं. पुरुष रस्त्याच्या पलीकडे, उन्हात, भिंतीला टेकून उभे होते. आपल्याला का उठवलं ते एव्हाना सगळ्यांना समजलं होतं, आणि सगळे बोळाकडेच बघत होते.

आईने पेला खाली ठेवला.

"आता तर समद्यांना ठाऊक झालं," ती म्हणाली. "राहू द्या. अंधार पडल्यावर पिते."